प्रथिनाला ठरलेला आकारच नसेल, तर ते पेशीत काम कसे करते?

गोव्यात डिचोलीकडच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेने हा प्रश्न विचारला आहे. वर्गात दाखवण्यासाठी त्यांनी अल्फाफोल्ड या प्रथिनांच्या आकाराचे भाकीत करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीच्या संग्रहातून, माणसाच्या पेशींना कर्करोगापासून जपणाऱ्या पी५३ या प्रथिनाचे चित्र उघडले, तेव्हा मधोमध निळ्या रंगाची घट्ट घडी आणि तिच्यापासून निघालेले, शेवयांसारखे लोंबणारे नारिंगी धागे दिसले. 'हा भाग बिघडला आहे का?' असे मुलांनी विचारले. शिक्षिकेच्या शंका तीन आहेत. हे धागे म्हणजे संगणकाची चूक आहे का? आकारावरून प्रथिनाचे कार्य ठरते असे पाठ्यपुस्तक सांगते, तर आकार नसलेला भाग कोणते कार्य करणार? आणि बारावीच्या मुलांना हे पटवावे कसे? मी तीस-पस्तीस वर्षे प्रथिने शुद्ध करण्यात आणि त्यांचे वर्णपट काढण्यात घालवली असून निवृत्तीनंतर फोंड्याला असतो. माझ्या हाताखालून गेलेल्या गोष्टींच्या आधारे उत्तर देतो.

ती चूक नव्हे. अल्फाफोल्डच्या चित्रातील रंग प्रथिनाचे नसून त्या आज्ञावलीच्या स्वतःच्या खात्रीचे असतात. गडद निळा म्हणजे खात्री ९० च्या वर, नारिंगी म्हणजे ५० च्या खाली. नारिंगी धागा जसा वळलेला दिसतो तसा तो पेशीत असतो, असा दावा तेथे नसतोच. 'या भागाचा एकच एक आकार मला सांगता येत नाही' इतकेच ती आज्ञावली सांगत असते. २०२१ मध्ये मानवी प्रथिनांची अशी भाकिते पहिल्यांदा खुली झाली, तेव्हा एकूण अमिनो आम्लांपैकी सुमारे ५८ टक्क्यांचेच स्थान भरवशाने सांगता आले होते. उरलेले सगळे आकारहीन आहे असा अर्थ काढू नये, कारण पुरेशी माहिती नसल्यामुळेही खात्री घटते. पी५३ च्या बाबतीत मात्र शंकेला जागा नाही. त्याच्या ३९३ अमिनो आम्लांच्या साखळीत सुरुवातीची नव्वदेक आणि शेवटची तीसेक आम्ले ठरलेल्या घडीत बसत नाहीत, हे अल्फाफोल्डच्या कितीतरी आधी चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रयोगांतून, म्हणजे आपण ज्याला एनएमआर म्हणतो त्यातून, दिसले होते.

पाठ्यपुस्तकातले वाक्यही खोटे नाही, ते अपुरे आहे. एमिल फिशरने १८९४ मध्ये विकर (एन्झाइम) आणि ते ज्यावर काम करते तो विक्रियक यांना कुलूप-किल्लीची उपमा दिली. पुढे क्रिस्टियन अनफिन्सेनने रायबोन्युक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या विकराची घडी पूर्ण उलगडली आणि परिस्थिती पूर्ववत करताच ते आपोआप घडीत येऊन पुन्हा काम करू लागते हे दाखवले. त्याला १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विकरांना हे सारे चपखल लागू पडते. पण प्रथिनांच्या रचना पाहण्याचे आपले मुख्य साधन स्फटिक हे होते, आणि स्फटिक बनतो तो एकाच साच्यातल्या असंख्य रेणूंचा. जो भाग प्रत्येक रेणूत वेगळ्या जागी असतो त्याची क्ष-किरणांच्या नकाशात काही खूण उमटत नाही. मग शोधनिबंधात 'अमुक ते तमुक आम्ले दिसली नाहीत' अशी ओळ पडे आणि विषय तिथेच संपे. पुष्कळदा तर स्फटिक मिळत नाही म्हणून आम्ही ती लोंबती टोके जनुकातूनच छाटून टाकत असू. मीही छाटली आहेत. ज्याचा अभ्यास करायचा तेच कात्रीने कापून बाजूला ठेवत होतो, हे तेव्हा सुचले नाही.

ही फसगत माझ्या बाबतीत कशी झाली ते सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. अल्फा-सायन्युक्लिन हे चेतापेशींतले १४० अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. त्याचे वजन साधारण साडेचौदा किलोडाल्टन (किलोडाल्टन हे रेणूंच्या वजनाचे एकक). मी ते प्रथम जीवाणूंकडून बनवून घेतले आणि आकारमानानुसार प्रथिने वेगळी करणाऱ्या स्तंभातून सोडले, तेव्हा ते सत्तावन्न-अठ्ठावन्न किलोडाल्टनच्या प्रथिनाच्या जागी बाहेर आले. साडेचौदाला चाराने गुणा. चार रेणूंचा जुडगा सापडला, असा निष्कर्ष मी वहीत लिहून टाकला आणि पुढचे काही आठवडे त्या चौकडीच्या मागे घालवले. अखेर शेजारच्या बाकावरील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवले, 'एकदा उकळून बघ.' जीवाणूंचा अर्क दहा मिनिटे उकळत्या पाण्यात धरला, तेव्हा त्यातली इतर प्रथिने अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. परीक्षानळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर गोठलेला गाळ तळाशी बसला आणि वरच्या नितळ पाण्यात माझे सायन्युक्लिन जवळजवळ शुद्ध स्थितीत उरले. चौकडी वगैरे काही नव्हती. रेणू एकटाच होता. घडी नसल्यामुळे पसरून जागा जास्त व्यापत होता आणि म्हणून स्तंभाला मोठा वाटत होता. प्रथिनात घडी आहे की नाही हे प्रकाशाच्या शोषणावरून सांगणाऱ्या वर्तुळ-द्विवर्णता वर्णपटातही दोनशे नॅनोमीटरच्या किंचित अलीकडे एकच खोल दरी दिसली, जी घडीविना असलेल्या साखळीची ओळखखूण मानली जाते.

अंडे उकडल्यावर घट्ट का होते? घडी घातलेल्या प्रथिनाच्या पोटात तेलकट स्वभावाची, पाण्यापासून दूर पळणारी अमिनो आम्ले दडलेली असतात. उष्णतेने घडी उसवते, ती उघडी पडतात आणि एकमेकांना चिकटतात. सायन्युक्लिनच्या पोटात दडलेले असे काही नव्हते, म्हणून उसवण्यासारखेही काही नव्हते. अशा प्रथिनांच्या साखळीत ल्युसिन, आयसोल्युसिन, फिनाइलअॅलानिन, ट्रिप्टोफॅन यांसारखी तेलकट आम्ले कमी असतात. ग्लुटामिक आम्ल, लायसिन यांसारखी विद्युतभारित आम्ले, सेरिन आणि घडी मोडणारे प्रोलिन जास्त असते. म्हणजे घडी न पडणे हेही साखळीच्या क्रमातच लिहिलेले आहे. अनफिन्सेनचे तत्त्व इथे मोडत नाही. क्रमावरूनच सारे ठरते. मात्र जे ठरते तो एक आकार नसून अनेक आकारांचा समुदाय असतो, ज्यात साखळी सतत रूपे पालटत राहते.

'इंट्रिन्सिकली डिसऑर्डर्ड' याचे भाषांतर बहुतेक जण 'अंगभूत अव्यवस्थित' असे करतात. मला ते खटकते, कारण मराठीत अव्यवस्थित म्हटले की पसारा डोळ्यांपुढे येतो आणि मुलांनी विचारलेला 'बिघडला आहे का' हा प्रश्न तिथूनच जन्म घेतो. मी 'अनियताकार' म्हणतो. ज्याचा आकार नियत नाही ते. या समुदायातही शिस्त असते. साखळीवर धन आणि ऋण भार कसे विखुरले आहेत यावर ती किती आखडेल आणि किती पसरेल हे ठरते, आणि काही तुकडे क्षणभर मळसूत्रासारखे वळून पुन्हा सैल होतात.

हे अपवादात्मक आहे असे १९९० च्या दशकापर्यंत वाटत असे. १९९६ मध्ये रिचर्ड क्रिवाकी, पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीविभाजनाला लगाम घालणारे पी२१ हे प्रथिन एकटे असताना घडीविना असते आणि आपल्या लक्ष्याला बिलगताना घडी घेते असे दाखवले. १९९९ मध्ये राइट आणि जेन डायसन यांनी अशी अनेक उदाहरणे एकत्र मांडून आकार आणि कार्य यांच्या नात्याचा फेरविचार मागितला. २००४ मध्ये निरनिराळ्या जीवांच्या जनुकसंचांवरून झालेल्या गणनेत, तीसहून अधिक आम्लांचा सलग अनियताकार पट्टा असलेली प्रथिने आर्कियांमध्ये (जीवाणूंसारखेच केंद्रक नसलेले, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) सुमारे २ टक्के, जीवाणूंमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास आणि केंद्रक असलेल्या जीवांत सुमारे ३३ टक्के निघाली. हे आकडे भाकितांवर आधारलेले आहेत आणि पद्धत बदलली की थोडे हलतात, पण दोन-चार आणि तेहतीस यांतली दरी पद्धतीच्या फरकाने बुजणारी नाही. जिथे पेशींना एकमेकींशी बोलावे लागते, जनुके कधी चालू तर कधी बंद करावी लागतात, तिथे या पट्ट्यांची गरज वाढते.

आता आपल्या चित्रातील पी५३ कडेच वळू, कारण बहुतेक सगळे तिथे एका जागी पाहायला मिळते. मधली निळी घडी डीएनएला पकडते. पण पकडायचे केव्हा, पकडल्यावर कोणाला बोलवायचे आणि काम झाल्यावर नाहीसे कसे व्हायचे, हे सारे नारिंगी टोकांतून ठरते. पेशी सुखरूप असते तेव्हा पी५३ तयार झाले की काही मिनिटांत नष्ट केले जाते. एमडीएम२ नावाचे प्रथिन त्याच्या सुरुवातीच्या टोकाला धरते आणि त्यावर विघटनाची खूण चिकटवते. हे धरणे नीट पाहण्यासारखे आहे. एकटे असताना ते टोक लोंबतेच असते. एमडीएम२ च्या खाचेजवळ आल्यावर त्यातला पंधरा-एक आम्लांचा तुकडा मळसूत्रासारखा वळतो, आणि त्याच्या एकाच कडेला आलेली तीन आम्ले, १९ व्या जागेचे फिनाइलअॅलानिन, २३ वे ट्रिप्टोफॅन आणि २६ वे ल्युसिन, खाचेत रुतून बसतात. पकड खरे पाहता या तिघांची आहे. डीएनएला इजा झाली की दुसरी विकरे याच टोकावरच्या सेरिन आणि थ्रिओनिन यांच्यावर फॉस्फेट बसवतात. १८ व्या जागेच्या थ्रिओनिनवर फॉस्फेट आले की एमडीएम२ ची पकड सैल होते, आणि तेच टोक जनुके चालू करणाऱ्या सीबीपी या प्रथिनाला अधिक पसंत पडते. मरण लिहिलेले आणि काम सोपवलेले टोक एकच; निवाडा एका फॉस्फेटवर होतो. ही जागा घट्ट घडीत पुरलेली असती, तर फॉस्फेट बसवणाऱ्या विकराला तिथपर्यंत पोचताच आले नसते.

दुसऱ्या टोकाची गंमत याहून मोठी आहे. पी५३ च्या शेवटाजवळचा जेमतेम वीस आम्लांचा एक तुकडा एस१०० कुळातल्या प्रथिनाशी जुळताना मळसूत्र होतो, सर्टुइन या विकराशी जुळताना सरळ पट्ट्यासारखा ताणला जातो, आणि सीबीपीच्या एका घटकाशी किंवा सायक्लिन ए या प्रथिनाशी जुळताना यांतले काहीच न होता नागमोडी राहतो. ही नागमोडही दोन ठिकाणी दोन प्रकारची. चार जोडीदार, चार रूपे. कुलूप-किल्लीची उपमा ताणायचीच तर ही किल्ली कुलूप पाहून दाते पाडून घेते असे म्हणावे लागेल, पण उपमा इतकी ताणण्यापेक्षा सोडून दिलेली बरी.

घडी घेऊन जुळण्याला किंमत मोजावी लागते, आणि ही किंमतच उपयोगाची ठरते. मोकळ्या साखळीला एका रूपात बांधून घालण्यासाठी ऊर्जा खर्ची पडते, म्हणून पृष्ठभाग मोठा आणि नेमका जुळत असूनही एकंदर पकड बेताची राहते. जोडीदार अचूक, पण मिठी सैल. संदेशवहनात हेच हवे असते, कारण निरोप देऊन झाल्यावर सुटता आले नाही तर पुढचा निरोप देता येणार नाही. लांब मोकळी साखळी गळासारखी दूरवर पोचते आणि भक्ष्य लागताच स्वतःला ओढून घेते, अशी कल्पना पीटर वोलिन्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडली. मांडवीच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस ज्याने पाहिला आहे त्याला ती लगेच भावते. मात्र पसरलेली साखळी द्रावात हळू सरकते, त्यामुळे वेगाचा फायदा प्रथम वाटला तितका मोठा निघाला नाही.

प्रत्येक वेळी घडी घ्यावीच लागते असेही नाही. काजूचा रस ज्याने आंबतो त्या यीस्टमध्ये सिक१ नावाचे एक अनियताकार प्रथिन डीएनएच्या प्रती काढण्याचे काम रोखून धरते. त्यावर फॉस्फेट बसण्याच्या अनेक जागा आहेत. २००१ मधल्या प्रयोगांत असे दिसले की, किमान सहा जागा भरेपर्यंत त्याला नष्ट करणारी यंत्रणा त्याची दखल घेत नाही आणि नंतर घेते ती एकदम. मागाहून या गणिताला पुष्कळ पोटकलमे जोडली गेली, पण मूळ मुद्दा टिकून आहे: सावकाश चढणाऱ्या इशाऱ्याचे रूपांतर झटकन होणाऱ्या निर्णयात करणे लवचिक साखळीला जमते. टोकाचे उदाहरण २०१८ मध्ये आले. प्रोथायमोसिन-अल्फा या प्रथिनावर सुमारे ४४ निव्वळ ऋण भार आणि हिस्टोन एच१ या प्रथिनावर सुमारे ५३ निव्वळ धन भार. ही दोघे अतिशय घट्ट जुळतात, तरीही जुळल्यावर दोघांनाही ठरलेला आकार येत नाही. हा निबंध मी दोनदा वाचला, कारण पहिल्या वाचनात विश्वास बसला नाही.

कधी कधी साखळीने कोणालाही धरायचे नसते, केवळ लांब असायचे असते. फळमाशीच्या पेशीआवरणात पोटॅशियमला वाट देणारी शेकर नावाची मार्गिका असते; तिला प्रथिनाच्या टोकाशी साखळीने बांधलेला एक गोळा असतो, जो मार्गिका उघडल्यावर आतून येऊन भोक बुजवतो. १९९० मध्ये ही साखळी जनुकातून आखूड केली तेव्हा भोक लवकर बुजले आणि लांबवली तेव्हा उशिरा. केंद्रकाच्या छिद्रांतही अशाच साखळ्यांचे दाट रान असते. साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा मोठ्या रेणूला वाहक प्रथिनाचा हात धरल्याशिवाय त्यातून जाता येत नाही.

आपल्याकडे याचा प्रत्यय सर्वांत स्पष्ट कुठे येत असेल तर तो काजूच्या बोंडात. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचे पिकलेले बोंड चावले की प्रथम गोड रस सुटतो, आणि क्षणभरात जीभ टाळूला चिकटल्यासारखी, खरखरीत होते. तुरट ही चव आपण सहा रसांत मोजतो, पण त्यातला बराचसा भाग स्पर्शाचा आहे. लाळेत प्रोलिनने भरलेली प्रथिने मोठ्या प्रमाणावर असतात. प्रोलिनमुळे त्यांना घडी पडत नाही, म्हणून साखळी सबंध लांबीभर उघडी राहते आणि बोंडातल्या टॅनिनच्या कड्या प्रोलिनच्या कड्यांवर चकत्यांसारख्या बसतात. एक टॅनिन दोन-तीन साखळ्यांना धरते, साखळ्या गुंफल्या जाऊन साका होतो आणि तोंडातला ओशटपणा नाहीसा होतो. तितक्याच वजनाचे घडी घातलेले प्रथिन इतका पृष्ठभाग देऊ शकले नसते. हे लाळेचे व्यंग नव्हे, संरक्षण आहे, कारण मोकळे टॅनिन पोटात गेले तर आपल्या पाचक विकरांनाच चिकटते. टॅनिन जास्त असलेल्या ज्वारीवर उंदरांना ठेवले तेव्हा त्यांच्या लाळग्रंथी मोठ्या झाल्या आणि ही प्रथिने अनेक पटींनी वाढली, असे १९८३ मध्येच नोंदले गेले आहे. बोंडांच्या रसाचा तुरटपणा काढायला त्यात जिलेटिन घालतात, त्यामागेही हेच रसायन आहे; जिलेटिनही प्रोलिनने भरलेले आणि घडी सुटलेले.

वनस्पतींबद्दल एवढेच सांगतो की, पेरणीसाठी राखून ठेवलेले भात महिनोन्‌महिने कोरडे राहूनही रुजते, त्याला हातभार लावणारी एलईए नावाची प्रथिने ओल्या स्थितीत बहुतांशी अनियताकार असतात आणि पाणी आटत गेले की मळसूत्रे घेऊ लागतात. लिऑन ड्यूर यांनी ती १९८१ मध्ये कपाशीच्या बीजात प्रथम वर्णिली. १९९६ मध्ये बार्लीतले असे एक जनुक भातात घातल्यावर रोपांनी पाण्याचा तुटवडा आणि खारी माती अधिक सोसल्याचे दिसले. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवर बांध घालून केलेल्या शेतीच्या, प्रदेशात राहणाऱ्याला यात रस वाटणारच, पण प्रयोगशाळेच्या कुंडीपासून खाजनाच्या बांधापर्यंतचे अंतर मोठे आहे.

एका गोष्टीबाबत मात्र सावध करतो. २००९ मध्ये क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि सहकाऱ्यांनी सूत्रकृमीच्या भ्रूणातले पी-कण, म्हणजे आरएनए आणि प्रथिने यांचे पुंजके, द्रवाच्या थेंबांसारखे वाहतात आणि एकमेकांत मिसळतात असे दाखवले. त्यानंतर अनियताकार पट्टे आणि आरएनए मिळून पेशीत पडद्याविना कप्पे कसे बनतात याचा अभ्यास झपाट्याने वाढला. कल्पना खरी आहे आणि महत्त्वाचीही. पण परीक्षानळीत प्रथिन भरपूर घालून, मिठाचे प्रमाण बदलून आणि गर्दी करणारे बहुवारिक (पॉलिमर) मिसळून थेंब दिसले, म्हणजे पेशीतही तसेच होते असे सिद्ध होत नाही. पेशीत त्या प्रथिनाचे नैसर्गिक प्रमाण किती, थेंब बनू न देणारा बदल केला तर काम थांबते का, आणि थेंब न मोडता तोच पट्टा काढला तर काय होते, हे तिन्ही तपासल्याशिवाय मी असा दावा मान्य करत नाही. विद्यार्थ्यांचे कितीतरी अहवाल मी याच मुद्द्यावर परत पाठवले आहेत.

आणि बिघाडाचे काय? तोही होतो, पण मुलांना वाटला त्याच्या उलट दिशेने. सायन्युक्लिन निरोगी चेतापेशीत मोकळे असते किंवा संदेशद्रव्याच्या पिशव्यांच्या आवरणावर मळसूत्र होऊन टेकते. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत तेच लांब, ताठ तंतूंमध्ये रचले जाते. त्याच्या ५३ व्या जागी अॅलानिनऐवजी थ्रिओनिन आल्यास हा आजार घराण्यात उतरतो, हे १९९७ मध्ये कळले. चेतापेशीतल्या सूक्ष्मनलिकांना आधार देणारे टाउ हे प्रथिनही असेच; २०१७ मध्ये अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतून काढलेल्या टाउच्या तंतूंची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जवळजवळ अणूंच्या बारकाव्याने पाहता आली. आजारात या प्रथिनांचा आकार हरवत नाही, त्यांना नको तो आकार मिळतो. कर्करोगात पी५३ मधले बहुतेक घातक बदल मधल्या निळ्या घडीत सापडतात, कारण लोंबत्या टोकात एखादे आम्ल बदलले तरी बहुधा भागते. तिथे नेमका क्रम पुष्कळ बदलूनही भारांची मांडणी आणि ती मोजकी पकडीची आम्ले टिकली की पुरते.

औषधे बनवणाऱ्यांना हे टोक डोकेदुखीच ठरले आहे. औषध बसवायला खाच लागते आणि इथे ती क्षणाक्षणाला मोडते. म्हणून बरेच जण जोडीदाराला गाठतात: २००४ मध्ये पुढे आलेले न्यूटलिन पी५३ ला स्पर्शही करत नाही, एमडीएम२ च्या खाचेत त्या तीन आम्लांची नक्कल करून बसते आणि पी५३ ला मोकळे करते.

वर्गासाठी चित्रापेक्षा दूध बरे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि केसिने बव्हंशी अनियताकार असतात. कार्ल होल्ट आणि लिंडसे सॉयर यांनी १९९३ मध्ये त्यांना 'प्रवाहाप्रमाणे रूप घेणारी' अशा अर्थाचे नाव दिले होते. त्यांच्या साखळीवर फॉस्फेट लागलेल्या सेरिनचे झुपके असतात, जे कॅल्शियम फॉस्फेटच्या अतिसूक्ष्म कणांना सर्व बाजूंनी वेढतात. त्यामुळे वासराच्या हाडांना लागणारे कॅल्शियम दुधातून वाहून नेता येते आणि कासेत त्याचे खडे होत नाहीत. घडी नसल्यामुळे वासराच्या पोटातली विकरेही साखळी सहज कापू शकतात.

प्रयोगाला पिशवीतले, साय काढलेले पाश्चराइज्ड दूध घ्यावे आणि ते तापवू नये. घरी उकळलेले किंवा खोक्यातले टिकाऊ दूध चालत नाही. त्यात निवळीची प्रथिने आधीच उसवून केसिनला चिकटलेली असतात. खोलीच्या तापमानालाच पांढरा व्हिनेगर थेंबाथेंबाने ढवळत घालावा. सामू (पीएच) ४.६ च्या आसपास आला की केसीन फुटून वेगळे होते. मलमलीतून आणि नंतर गाळणकागदातून गाळून निवळी वेगळी करावी, चोथा दोन-तीनदा पाण्याने धुवावा. निवळी उकळायला ठेवली की ती गढूळते आणि पांढरे कण दिसू लागतात, कारण त्यात घडी घातलेली गोल प्रथिने आहेत. चोथा खलात घोटून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात विरघळवावा. त्याला वेळ लागतो, घाई करू नये. हे दुधट पाणी नंतर दहा मिनिटे खळखळून उकळले तरी त्यात गुठळी होत नाही. फेस मात्र भरपूर येतो, म्हणून चंचुपात्र निम्मेच भरावे.